भाड्याच्या घराची नोंदवही

झाडलोट करण्यासाठी शयनगृहातले कपाट वीतभर पुढे ओढले, तेव्हा त्यामागच्या भिंतीवर तळहाताएवढा ओलीचा डाग दिसला. रंगाचे पापुद्रे सुटले होते, कडेने मिठासारखी पांढरी पूड जमली होती आणि हात लावल्यावर भिंत गार लागत होती. मी पेन्सिल घेतली, डागाच्या कडेने रेघ ओढली आणि रेघेशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिली. मग नोंदवही काढली आणि नवे पान सुरू केले.

ही नोंदवही गेली तेरा वर्षे माझ्याबरोबर फिरते आहे. या तेरा वर्षांत आई आणि मी पाच भाड्याच्या घरांत राहिलो. पाचही घरे मोठ्या गृहसंकुलांतली होती, जिथे वर कोणी तरी, खाली कोणी तरी आणि भिंतीपलीकडे कोणी तरी कायम असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते तसे आमचेही झाले. सामान हलले, पत्ते बदलले, वही मात्र तीच राहिली. सुरुवातीला तीत फक्त विजेच्या मीटरचे आकडे आणि भाडे दिल्याच्या तारखा होत्या. पुढे गळणारा नळ, बंद पडलेली लिफ्ट, रात्रीचे आवाज, घरमालकांना कधी काय कळवले आणि त्यांचे काय उत्तर आले, हे सगळे तीत येत गेले. घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. भाडेकरूला मात्र घर राहूनच पाहावे लागते, आणि जो चोवीस तास तिथे राहतो त्याला त्या घराचे जेवढे कळते तेवढे नकाशा पाहणाऱ्याला किंवा वर्षातून एकदा फेरी मारणाऱ्याला कळत नाही. तरीही घराविषयी बोलताना भाडेकरूचा शब्द सगळ्यांत शेवटी विचारला जातो, हा माझा पाचही घरांतला अनुभव आहे. त्या शब्दाला वजन यावे म्हणून मी लिहून ठेवते.

त्या डागाची हकिकत मला सविस्तर सांगायची आहे, कारण भाड्याच्या घरात ओलीवरून जेवढे गैरसमज आणि जेवढी कटुता निर्माण होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. घरमालकांना छायाचित्र पाठवले, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, “तुम्ही खिडक्या उघडत नसाल. हवा खेळती नसली की असं होतं.” हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. माणसांच्या श्वासातून, आंघोळीतून, स्वयंपाकातून आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून रोज काही लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. ती दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे दव धरते. भिंतीलगतच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी वाढू लागते, आणि कपाटामागे हवा फिरत नसल्यामुळे ती बहुधा तिथेच आधी दिसते. म्हणजे दोष आमच्या राहणीचा असण्याची शक्यता होती. पण शक्यता आहे एवढ्यावरून ती मान्य करण्याची माझी तयारी नव्हती, आणि ती फेटाळून लावणेही मला प्रामाणिकपणाचे वाटले नसते.

भिंतीवर ओल येण्याच्या वाटा मोजक्याच असतात. हवेतली वाफ आतून जमते, पावसाचे पाणी बाहेरून झिरपते, किंवा एखादा नळ, सांधा वा सांडपाण्याची वाहिनी आतल्या आत गळत असते. तळमजल्यावर जमिनीतली ओलही भिंतीतून वर चढते, पण आम्ही पाचव्या मजल्यावर होतो. यांपैकी नेमके काय, हे ठरवण्यासाठी सुरुवातीला कोणा तज्ज्ञाला बोलवावे लागत नाही. मी डागावरची भिंत कापडाने टिपून घेतली, त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा फूटभर चौकोनी तुकडा ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. दोन दिवसांनी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव असेल तर ओल हवेतली, आणि भिंतीकडच्या बाजूवर असेल तर पाणी भिंतीतून येते आहे, असा हा साधा पडताळा आहे. दोन दिवसांनी फॉइल सोडवले, तेव्हा बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती आणि आतल्या बाजूवर बारीक थेंब होते. कडेच्या पांढऱ्या पुडीनेही तेच सांगितले होते. पाणी भिंतीतून वाहताना विटा आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आणते, पृष्ठभागावर येऊन ते उडून जाते आणि क्षार मागे राहतात. केवळ हवेतल्या दवामुळे सहसा अशी पूड धरत नाही.

पाणी भिंतीतून येते हे ठरले, पण येते कोठून, हे ठरायचे होते. इथे पेन्सिलीच्या रेघा कामाला आल्या. दर तीन दिवसांनी मी डागाच्या नव्या कडेने रेघ ओढत होते, आणि त्या दिवसांत पाऊस झाला का, आमचे न्हाणीघर किती वापरले गेले, हे वहीत लिहीत होते. तेवीस दिवसांत दोनदा चांगला पाऊस झाला, पण त्यामुळे डाग वाढला नाही, म्हणून बाहेरची भिंत बाजूला ठेवली. एका रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहिला आणि सकाळी पुन्हा पाहिला, तर तो जागचा हलला नव्हता, म्हणून आमच्या नळांच्या वाहिन्याही सुटल्या. मग एक गोष्ट लक्षात आली. मधले चार दिवस डाग मुळीच वाढला नव्हता, आणि त्याच चार दिवसांत वरच्या मजल्यावरचे कुटुंब परगावी गेले होते. नळाच्या वाहिनीत पाण्याचा दाब रात्रंदिवस असतो, त्यामुळे ती फुटली तर घरात कोणी असो वा नसो, गळतच राहते. सांडपाण्याची वाहिनी मात्र वापर होईल तेव्हाच गळते. माणसे नसताना ओल थांबत असेल, तर दोष वरच्या न्हाणीघराच्या फरशीत किंवा सांडपाण्याच्या सांध्यात असला पाहिजे, असे माझे अनुमान झाले.

वही घेऊन मी वर गेले. तिथे एक काकू त्यांच्या मुलाकडे राहतात, आणि तेही आमच्यासारखेच भाडेकरू आहेत. काकू लगेच खाली आल्या, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आमच्या न्हाणीतलं पाणी तुमच्या भिंतीत मुरतंय आणि तू महिनाभर रेघा ओढत बसलीस? आधीच का नाही आलीस गं वर?” त्यांचे बरोबर होते. खात्री झाल्याशिवाय कोणावर बोट ठेवू नये, हा माझा स्वभाव आहे, पण शेजाऱ्याला नुसते विचारणे म्हणजे बोट ठेवणे नव्हे, एवढे मला त्या दिवशी कळले.

दोन दिवसांनी प्लंबर आला. त्याने काकूंच्या न्हाणीघरातल्या जाळीचे तोंड बंद केले, फरशीवर इंचभर पाणी साठवले आणि त्यात थोडा रंग मिसळला. हे पाणी पूर्ण एक दिवस तसेच ठेवायचे होते, म्हणून काकू आणि त्यांचा नातू त्या दिवशी आंघोळीला आमच्याकडे आले. नातू टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरला तेव्हा मोठ्या सहलीला निघाल्यासारखा खूश होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या पाण्याची पातळी स्पष्ट खाली गेलेली दिसली आणि आमच्या न्हाणीघराच्या छतावर, सांडपाण्याची वाहिनी जिथून खाली उतरते तिथे, फिकट रंगाचे कडे उमटले. नहाणी ट्रॅपभोवतालचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याभोवतालचा, सांधा उखडला होता. तिथून निघालेले पाणी छतात पसरत होते आणि आमच्या शयनगृहाच्या भिंतीत उतरत होते.

दोष सापडायला महिना लागला होता. दुरुस्ती सुरू व्हायला त्यापुढे सहा आठवडे गेले. खर्च वरच्या घरमालकांनी करायचा, आमच्या घरमालकांनी करायचा की संकुलाच्या व्यवस्थापन समितीने, यावर त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. आम्ही दोन्ही भाडेकरू त्या पत्रव्यवहारात कोठेच नव्हतो, पण ओल आमच्या घरात होती आणि आंघोळीची अडचण काकूंच्या. मला याचा राग आला होता आणि आजही तो चुकीचा वाटत नाही. ज्याच्या उशाशी बुरशी वाढते आहे त्याला निर्णयाची तारीखही कोणी सांगू नये, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ती केवळ सवय आहे, आणि सवय बदलता येते.

शेवटी काम झाले, आणि घरमालकांनी दुसऱ्याच दिवशी रंगारी पाठवतो म्हणून कळवले. मी त्यांना थांबण्याची विनंती केली. भिजलेली भिंत गळती थांबताच वाळत नाही. बांधकामातला जुना अडाखा असा आहे की, जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण महिनाभर धरावा. त्याआधी रंग दिला तर ओल आत कोंडली जाते आणि काही महिन्यांत पापुद्रे पुन्हा सुटतात. ते थांबले, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. त्या काळात मी रेघा ओढतच राहिले, फक्त आता त्या आत आत सरकत होत्या.

ओलीनंतर भाडेकरूंच्या बोलण्यात सर्वांत जास्त येतो तो आवाज. त्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा समजली, आणि आधी समजली असती तर दुसऱ्या घरातले एक भांडण टळले असते. इमारतीत आवाज दोन प्रकारे पोहोचतो. बोलणे, गाणे, दूरचित्रवाणी यांचा आवाज हवेतून येतो, आणि जड, भरीव भिंत तो बऱ्यापैकी अडवते. पावलांचा, खुर्ची सरकवण्याचा, काही पडल्याचा आवाज मात्र थेट छताच्या काँक्रीटमध्ये शिरतो आणि त्यातूनच सांगाड्यात पसरतो, आणि तो अडवण्यासाठी भिंतीची जाडी फारशी उपयोगी पडत नाही. तो जिथे निर्माण होतो तिथेच मऊ करावा लागतो. म्हणूनच वरच्या घरातली माणसे अगदी हळू आवाजात बोलत असतात, आपण गोंगाट करतो हे त्यांच्या गावीही नसते, आणि खालच्या घरातला माणूस मात्र रात्री अकराला खुर्चीच्या पायांचा कर्कश आवाज ऐकून अंथरुणात उठून बसतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

दुसऱ्या घरात मी वर जाऊन तावातावाने बोलले होते. तिसऱ्या घरात तोच त्रास झाला, तेव्हा वही उघडून आठवडाभर वेळा लिहिल्या. आवाज रोज रात्री पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान आणि पहाटे पाचला येत होता. वरच्या घरातला तरुण रात्रपाळीला जाण्याआधी जेवत होता आणि परतल्यावर पुन्हा त्याच खुर्चीवर बसून बूट काढत होता. त्याला वेळा दाखवल्या, तेव्हा तो ओशाळला आणि त्याने दुसऱ्याच दिवशी खुर्चीच्या चारही पायांखाली जाड नमद्याचे तुकडे चिकटवले. एवढ्याने तो आवाज जवळजवळ संपला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत शांत झोपेसाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि एकेकटा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते, दहाने वाढ झाली की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आपल्या नेहमीच्या बोलण्याचा आवाज साठच्या आसपास असतो हे लक्षात घेतले, की ३० म्हणजे किती शांतता, ते कळते. इतकी शांतता गृहसंकुलात प्रत्येक रात्री मिळणार नाही, पण ती मागणे म्हणजे नाजूकपणा नव्हे, एवढे तरी या आकड्यांवरून समजावे.

पहिले घर सर्वांत वरच्या मजल्यावर होते. घर पाहायला गेलो तेव्हा मी उजेड पाहिला, वारा पाहिला, आणि नळ सोडून पाहायला विसरले. गच्चीवरची टाकी डोक्यावरच आहे, म्हणजे पाणी जोरात येईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उलटे असते. पाण्याचा दाब टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकी नळापासून तीनच मीटर वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि दाब वाढवणारा पंप नसेल तर शॉवरमधून पाणी ओघळते, फवारत नाही. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला तेच पाणी धो धो मिळते. आता घर पाहताना मी सगळ्यांत आधी न्हाणीघरात जाते आणि दोन नळ एकदम सोडून पाहते.

बरेच दिवस बंद असलेल्या घरात राहायला जाताना आणखी एक काम मी कधी चुकवत नाही. प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतते. सांडपाण्याच्या वाहिनीतला वाकडा भाग, ज्यात थोडे पाणी कायम साचून राहते, तो गटाराची हवा घरात येऊ देत नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपाच्या पेटंटमध्ये इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला हा भाग योजला, आणि ती साधी युक्ती आजही प्रत्येक सदनिकेत काम करते आहे. घर काही आठवडे बंद राहिले की ते पाणी उडून जाते, दुर्गंधी येते, आणि नवा भाडेकरू आल्या आल्या प्लंबरला बोलावतो. नळही मी काही मिनिटे तसेच वाहू देते, खिडकी उघडी ठेवून, कारण वाहिन्यांत दीर्घकाळ साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, न्यूमोनियाला कारण ठरणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. हे कोणी नव्या भाडेकरूला सांगत नाही. किल्ली देताना सांगायला एक मिनिटही लागणार नाही.

चौथ्या घरात लिफ्ट बंद पडण्याचा प्रसंग आला, आणि त्याचे पान वहीत सर्वांत कडू आहे. आईचे गुडघे तेव्हा फार दुखत होते आणि आम्ही आठव्या मजल्यावर होतो. दोरखंड बदलण्यासाठी लिफ्ट नऊ दिवस बंद राहणार होती. काम आवश्यकच होते. परंतु त्याची सूचना समितीने फक्त सदनिकाधारकांना पाठवली होती, आणि आमचे घरमालक दुसऱ्या शहरात राहत असल्याने ती आमच्यापर्यंत आलीच नाही. आई सकाळी डॉक्टरांकडे गेली होती, परत आली तेव्हा लिफ्टच्या दाराला फळी लावलेली होती. ती प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत बसत वर आली. मी कार्यालयातून फोनवर तिला विचारत होते, “आई, कितव्यावर आलीस?” आणि ती दर वेळी म्हणत होती, “येतेय गं, तू काम कर.” तिला पाऊण तास लागला. त्या संध्याकाळी मी समितीला पत्र लिहिले की, सूचना मालकांना जरूर पाठवा, पण इमारतीत जे प्रत्यक्ष राहतात त्यांच्या दारावरही लावा. महिनाभराने ते मान्य झाले. आता तिथे प्रत्येक मजल्यावर सूचनाफलक आहे असे जुन्या शेजाऱ्यांकडून कळते.

लिफ्टवरून एक विचार मनात येतो. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर तोडूनही न कोसळणारा पाळणा करून दाखवला, त्याआधी उंच मजला म्हणजे गरिबाचा मजला होता. प्राचीन रोममध्ये भाडेकरूंच्या बहुमजली इमारती होत्या. त्यांत वर जावे तशा खोल्या लहान होत जात, पाणी खालून वाहून न्यावे लागे, आणि इमारती कोसळत असल्यामुळे सम्राट ऑगस्टस याने त्यांची उंची ७० रोमन फुटांपर्यंत मर्यादित केली होती. एकमेकांच्या डोक्यावर राहण्याचे हे जगणे दोन हजार वर्षांचे जुने आहे, आणि त्यातले वादही तेवढेच जुने. जस्टिनियन सम्राटाच्या काळात ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात एक तरतूद आहे. शेजाऱ्याने बांधकाम करून भाड्याच्या खोलीचा उजेड अडवला तर भाडेकरू करार सोडून जाऊ शकतो, आणि पार मोडकळीला आलेली दारे-खिडक्या मालकाने दुरुस्त केली नाहीत तरी तोच न्याय लागू होतो. मी हे प्रथम वाचले तेव्हा किती तरी वेळ पान उलटलेच नाही. इतक्या शतकांपूर्वी कोणी तरी मोडक्या खिडकीची तक्रार घेऊन न्याय मागायला गेले असणार, त्याशिवाय हे वाक्य कायद्यात आले नसते.

आपल्या काळातही याचा उच्चार झालेला आहे. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ११ व्या कलमात पुरेशा निवाऱ्याचा हक्क आहे, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९१ मध्ये पुरेसा निवारा म्हणजे काय, हे सात मुद्द्यांत सांगितले. पहिलाच मुद्दा राहण्याच्या कायदेशीर सुरक्षिततेचा आहे, आणि भाड्याने राहणेही त्यात स्पष्टपणे येते. राहण्यायोग्य घर कोणते, हे सांगताना थंडी, उष्णता, पाऊस आणि वारा यांच्याबरोबर ओलीपासून संरक्षण असा उल्लेख आहे. माझ्या कपाटामागचा डाग ही माझी किरकिर नव्हती, हे मला त्या एका शब्दाने सांगितले. प्रत्येक देशाचा भाडेकायदा निराळा असतो आणि करारावर सही करण्याआधी आपल्या ठिकाणचा कायदा प्रत्येकाने वाचावा, पण मनातला संकोच घालवायला मला हा शब्द पुरला.

अनामत रकमेबद्दल लिहायला हवे, कारण भाडेकरू आणि मालक यांचे संबंध बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात बिघडतात. भांडण पैशाचे दिसते, पण मुळात ते स्मरणाचे असते. भिंतीवरचा ओरखडा आधीपासून होता की नंतर पडला, हे दोघांनाही आठवत नसते आणि दोघेही आपल्या सोयीचे आठवतात. वापराने फिका पडलेला रंग, चालून चालून झिजलेली फरशी ही नैसर्गिक झीज आहे आणि तिचा भार भाडेकरूवर येऊ नये. फुटलेले बेसिन किंवा जळलेला ओटा हे नुकसान आहे आणि ते आपण भरून दिले पाहिजे. मी घराचा ताबा घेते त्याच दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, नळांखालची जागा आणि मीटर यांची छायाचित्रे काढते आणि त्याच संध्याकाळी घरमालकांना पाठवते. याने अविश्वास वाटेल अशी मला पूर्वी भीती होती. पाचांपैकी एकाही घरमालकाला तसे वाटले नाही, आणि एकांनी तर सांगितले की, इतकी वर्षे घर भाड्याने देऊनही त्यांनी स्वतःचे स्वयंपाकघर इतक्या जवळून पाहिले नव्हते.

गेल्या महिन्यात आम्ही पाचवे घरही सोडले. आईला आता तळमजला हवा आहे. निघण्याआधी भिंत रंगवून झाली होती, पण रंगाऱ्याला मी कपाटामागचा तेवढा भाग सोडायला सांगितला होता आणि घरमालकांनी ते मान्य केले होते. एका रविवारी पुढची भाडेकरू घर पाहायला आली, नुकती नोकरीला लागलेली मुलगी, बरोबर तिचे वडील. वडील खिडक्यांच्या कड्या तपासत होते. मी तिला न्हाणीघरात नेऊन दोन्ही नळ सोडून दाखवले आणि मग शयनगृहात नेऊन आम्ही दोघींनी मिळून कपाट पुढे ओढले. एकात एक अशा पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीशेजारी तारीख, सगळ्यांत मोठी रेघ गेल्या वर्षीची. तिने खाली बसून तारखा वाचल्या आणि मग मधोमध तळहात टेकवला.

“कोरडी आहे,” ती म्हणाली.

“हो. पण महिन्यातून एकदा कपाट ओढून पाहत जा. आणि काही दिसलं तर आधी वर जाऊन काकूंना सांग.”

तिने काकूंच्या घराचा क्रमांक विचारला आणि फोनमध्ये लिहून घेतला. वहीतली या घराची पाने मी आधीच झेरॉक्स करून आणली होती, ती तिच्या हातात दिली.